मान सैनिक कार्यालयात, धान्य रेशन दुकानात. कोरोनात माजी सैनिकाचं घर मध्येच अडकलं

पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांचं अनुदान दुप्पट झालं, पण रेशनच्या नियमात तेच अंगलट येऊ नये. 2020 चा हिशोब एकदा मांडून बघायला हवा

नवी मुंबई/पनवेल : 7 डिसेंबर म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन. 1949 पासून हा दिवस पाळला जातो. शाळेत, कचेरीत छातीला छोटा झेंडा लावतात, डब्यात पैसे टाकतात. हे पैसे माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी वापरले जातात.

2025 मध्ये ध्वजदिनाच्या आधीच एक चांगली बातमी आली. ज्या माजी सैनिकाला पेन्शन नाही, वय 65 च्या पुढे आहे आणि हुद्दा हवालदार किंवा त्याच्या बरोबरीचा अथवा खालचा होता, त्याला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. तिला सरकारी भाषेत 'पेन्युरी ग्रँट' म्हणतात, म्हणजे हलाखीत दिवस काढणाऱ्या माजी सैनिकाचं अनुदान. ते महिना 4 हजार रुपये होतं. संरक्षण मंत्रालयाने ते 8 हजार केलं आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून ही वाढ लागू झाली. पैसा ध्वजदिन निधीतूनच येतो.

बातमी चांगलीच आहे. पण महाड, पोलादपूर, माणगाव, कर्जतच्या गावांत आणि त्यांची मुलं जिथे राहतात त्या खारघर, कामोठे, नेरुळ, घणसोलीत या बातमीसोबत दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. कोरोनात सगळं बंद होतं तेव्हा या घरांत धान्य कुठून आलं? आणि पुन्हा तशी वेळ आली तर कुठून येणार?

देशाचा सैनिक, पण धान्याला कार्डाचा रंग

24 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. 26 मार्चला केंद्राने प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना जाहीर केली. माणशी महिन्याला 5 किलो धान्य फुकट आणि कुटुंबाला 1 किलो डाळ. आधी एप्रिल ते जून, मग नोव्हेंबरपर्यंत. दुसऱ्या लाटेत, मे 2021 पासून, योजना पुन्हा सुरू झाली आणि डिसेंबर 2022 पर्यंत चालली. देशातल्या सुमारे 80 कोटी लोकांसाठी ती होती. या योजनेने लाखो चुली पेटत्या ठेवल्या, यात वाद नाही.

पण ती होती अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीतल्यांसाठी. महाराष्ट्रात या यादीत यायचं तर अंत्योदय कार्ड हवं, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न गावात 44 हजार आणि शहरात 59 हजारांच्या आत हवं. त्यावर 1 लाखापर्यंत उत्पन्न असलं तर केशरी कार्ड. 1 लाखाच्या वर गेलं की पांढरं कार्ड. पांढऱ्या कार्डावर धान्य नाही.

यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांसाठी राज्य सरकारने मे आणि जून 2020 या दोन महिन्यांत सवलतीचं धान्य दिलं. माणशी 3 किलो गहू 8 रुपये किलोने, 2 किलो तांदूळ 12 रुपये किलोने. कार्डच नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठी केंद्राने त्याच दोन महिन्यांसाठी माणशी 5 किलो धान्य आणि कुटुंबाला 1 किलो चणा जाहीर केला.

आता नवरा-बायको अशा दोन माणसांच्या घराचा मे 2020 चा हिशोब बघा.

अन्न सुरक्षेच्या यादीतलं प्राधान्य कुटुंब असेल तर : नेहमीचं 10 किलो धान्य 24 रुपयांत, वर 10 किलो फुकट, शिवाय डाळ.

यादीबाहेरचं केशरी कार्ड असेल तर : 10 किलो धान्य, 96 रुपयांत.

पांढरं कार्ड असेल तर : काही नाही.

या तीन ओळींत 'माजी सैनिक' हा शब्द कुठेच नाही. रेशन दुकानाच्या मशीनला माणसाचं कार्ड कळतं, त्याने सियाचीनला ड्युटी केली की भाजीची गाडी ओढली, हे कळत नाही. एका अर्थी ते बरोबरच आहे, कारण भूक सगळ्यांना सारखीच लागते. पण अडचण पुढे आहे.

सर्वात कमी पेन्शन आणि पांढरं कार्ड

सैन्यातल्या पेन्शनची किमान रक्कम 2016 पासून महिना 9 हजार रुपये आहे. विधवेच्या फॅमिली पेन्शनलाही हीच खालची मर्यादा. 9 हजार गुणिले 12 म्हणजे वर्षाला 1 लाख 8 हजार. महागाई भत्ता धरलाच नाही तरी केशरी कार्डाची 1 लाखाची मर्यादा ओलांडली.

म्हणजे नियम काटेकोर लावला तर सैन्यातली सगळ्यात कमी पेन्शन घेणारी विधवासुद्धा पांढऱ्या कार्डात जाते. तिच्या शेजारी बंगला बांधलेल्या माणसाचं कार्डही पांढरंच. रेशनच्या हिशोबात दोघंही सारखी.

प्रत्यक्षात अनेक घरांत जुनी केशरी कार्डं अजून चालू आहेत, कारण कार्ड सासऱ्याच्या नावावर निघालं तेव्हा उत्पन्न कमी दाखवलेलं होतं. अशा घरांना कोरोनात थोडं धान्य मिळालं. ज्यांनी नियमाने कार्ड बदलून घेतलं, त्यांना नाही.

पेन्शन असली की महिन्याला ठराविक पैसे येतात, मग धान्याची काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. लॉकडाऊनमध्ये पेन्शन थांबली नाही. गवंडी, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांची कमाई एका रात्रीत बंद झाली, तसं पेन्शनवाल्या घराचं झालं नाही.

पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक, त्या पेन्शनवर बसणारी तोंडं वाढली. नवी मुंबईत कंपनीत, हॉटेलात, कॉल सेंटरला असलेली मुलं घरी बसली आणि म्हाताऱ्याच्या पेन्शनवर अख्खं घर आलं. कित्येक जण गावी परतले. रेशन कार्ड मात्र दोघांचंच.

दुसरी गोष्ट महागाई भत्त्याची. 23 एप्रिल 2020 रोजी केंद्राने कर्मचारी आणि पेन्शनर यांचा वाढीव महागाई भत्ता गोठवला. जानेवारी 2020, जुलै 2020 आणि जानेवारी 2021 चे तीन हप्ते अडकले. पेन्शनरांचा भत्ता 17 टक्क्यांवर थांबला, तो जुलै 2021 मध्ये 28 टक्के झाला. मधल्या 18 महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. यात सैनिकी पेन्शनरही आले.

किमान 9 हजार पेन्शनवाल्याचं किती गेलं? पहिले सहा महिने 4 टक्के म्हणजे महिना 360 रुपये, पुढचे सहा महिने 7 टक्के म्हणजे 630, शेवटचे सहा महिने 11 टक्के म्हणजे 990. बेरीज 11 हजार 880 रुपये. मोठ्या पगारवाल्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. गावातल्या विधवेच्या घरात एवढ्यात कित्येक महिन्यांचं तेल, डाळ, साखर येते. त्याच काळात बाजारात तेल आणि डाळ महागच होत होती.

पेन्शनच नाही, असाही फौजी असतो

गावात बऱ्याच लोकांना वाटतं की सैन्यात गेला म्हणजे पेन्शन आलीच. तसं नाही. शिपायाला पेन्शन लागायला साधारण 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधी घरच्या अडचणीने नाव कापून आलेले, काही वर्षांच्या सेवेनंतर सोडलेले, दुखणं घेऊन परत आलेले पण अपंगत्व पेन्शन न लागलेले, असे लोक प्रत्येक फौजी गावात सापडतात. 1962 च्या युद्धानंतर सैन्यभरती जोरात वाढली. त्या काळात गेलेले आणि लवकर परत आलेले आज ऐंशीच्या घरात आहेत. काही ठिकाणी त्यांच्या विधवाच उरल्यात.

या माणसाला कॅन्टीनचा आधारही फारसा नाही. लष्कराचं कॅन्टीन पेन्शनवाल्या माजी सैनिकांसाठी आणि विधवांसाठी असतं. तिथे माल स्वस्त मिळतो, कारण कॅन्टीनला जीएसटीत निम्मी सवलत आहे. पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. खिशात पैसे हवेत, हातात स्मार्ट कार्ड हवं आणि कॅन्टीनपर्यंत जायला गाडी हवी. कोरोनात लोकल बंद होती, एसटी बंद होती. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी 22 मे 2020 ला सुरू झाली, जिल्ह्याबाहेर जायला 20 ऑगस्ट उजाडला. पोलादपूरच्या डोंगरातला म्हातारा कॅन्टीनला जाणार कसा?

पेन्शन नसलेल्यांपैकी जे पन्नाशी-साठीतले होते, ते बहुतेक सुरक्षारक्षक. राज्य सरकारचं माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को माजी सैनिकांना रक्षकाचं काम देतं, बाकीचे खाजगी एजन्सीकडे जातात. नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या गेटवर, एमआयडीसीत, मॉलमध्ये हीच माणसं उभी असतात. लॉकडाऊनमध्ये मॉल बंद पडले, बरेच कारखाने बंद पडले. सोसायटीच्या गेटवरच्यांची ड्युटी मात्र वाढली. येणाऱ्या-जाणाऱ्याचा ताप मोजायचा, पार्सल सॅनिटाइज करायचं, भाजीच्या पिशव्या लिफ्टपर्यंत न्यायच्या.

सरकारी नियमातली आणखी एक गाठ इथे दिसते. 65 च्या वरच्यांनी गरजेशिवाय घराबाहेर पडू नये, असा आदेश होता. पेन्युरी ग्रँटही 65 च्या पुढेच. म्हणजे 65 च्या आतल्या, पेन्शन नसलेल्या आणि नोकरी गेलेल्या माजी सैनिकाला ही ग्रँट नाही. 65 च्या वरच्याला ग्रँट आहे, पण रेशनच्या रांगेत उभं राहायचं नाही.

एक शहर, दोन जिल्हे

नवी मुंबई म्हटलं की गावाकडे आपण एकच शहर समजतो. कागदावर तसं नाही. बेलापूर, नेरुळ, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली हा नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा पनवेल महापालिकेचा भाग रायगड जिल्ह्यात. उलवे, द्रोणागिरी हेही रायगडातच.

याचा माजी सैनिकाशी काय संबंध? समजा, महाड तालुक्यातल्या एका फौजी गावाचे दोघे भाऊ आहेत. दोघेही सैन्यातून आलेले. एक नेरुळला मुलाकडे राहतो, दुसरा खारघरला मुलीकडे. दोन घरांत रेल्वेची तीन-चार स्टेशनं. पण नेरुळवाल्याचं सैनिक कल्याण कार्यालय ठाण्यात आणि खारघरवाल्याचं अलिबागला. नेरुळचं रेशन मुंबई-ठाणे शिधावाटप यंत्रणेकडे, खारघरचं पनवेल तहसीलच्या पुरवठा शाखेकडे. आणि दोघांचीही मूळ कार्डं गावाला, महाड तहसीलमध्ये.

त्यात लॉकडाऊनमध्ये जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. ही अट 2 सप्टेंबर 2020 ला संपली. तोपर्यंत नेरुळहून गावी जाऊन कार्डावरचं धान्य आणणं साध्या माणसाच्या आवाक्यात नव्हतं. एका जिल्ह्याचं कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात चालवण्याची सोय महाराष्ट्रात तोवर झाली होती, पण किती घरांना ती माहीत होती? दुकानदारही 'तुमचं नाव इथे नाही' म्हणून परत पाठवायचे.

बाकी शहरालाही तेव्हा धान्य-भाजीची चणचण होतीच. वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती म्हणजे अख्ख्या मुंबईचं कोठार. तिथे व्यापारी, माथाडी, सुरक्षा कर्मचारी यांच्यात कोरोना पसरला आणि 11 ते 17 मे 2020 असा आठवडाभर बाजार बंद ठेवावा लागला. इकडे शेतात माल सडत होता, तिकडे सोसायटीत भाजी दुप्पट भावाने जात होती. त्या दिवसांत काही शेतकरी गटांनी थेट सोसायट्यांच्या गेटवर टेम्पो नेले. ज्याच्याकडे पैसे होते त्याला भाजी मिळाली.

बाजारातले माथाडी आणि सैन्यातले जवान हे बऱ्याचदा एकाच गावचे असतात, हेही लक्षात घ्या. साताऱ्याचा पाटण-जावळीचा डोंगर काय, आपला महाड-पोलादपूर काय, जमीन थोडी आणि पोटं जास्त. मग एक भाऊ फौजेत, एक वाशीच्या बाजारात पाठीवर पोती उचलायला. फौजी आंबवडेसारखं गाव पहिल्या महायुद्धापासून घराघरातून माणूस सैन्याला देत आलंय. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावाने त्याच युद्धात 46 माणसं गमावली. कोरोनात अशा घरांचे दोन्ही आधार एकदम हलले.

रायगडला दुहेरी मार

आपल्या जिल्ह्यात तर कोरोनासोबत वादळही आलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर धडकलं. कौलं उडाली, पत्रे उडाले, घरात साठवलेलं धान्य भिजलं. विजेचे खांब पडले, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज नाही तर मोबाईल नाही, आणि मोबाईल नाही तर मुंबईच्या मुलाने पाठवलेले पैसेही पोचत नाहीत.

अशा वेळी गावात मदत आली ती मंडळांकडून, मुंबईकर चाकरमान्यांकडून, स्थानिक संस्थांकडून. नवी मुंबईतही महापालिकेची जेवणकेंद्रं, गुरुद्वारांचे लंगर, नगरसेवकांनी वाटलेले किराणा किट यांवर हजारो लोक जेवले. शिवभोजन थाळी 10 रुपयांवरून 5 रुपये झाली, पुढे एप्रिल 2021 मध्ये काही काळ फुकट मिळाली. या सगळ्यांचे उपकार मोठे आहेत.

पण या रांगांत फौजी कमी दिसायचा. ज्याने उभं आयुष्य युनिफॉर्ममध्ये काढलं, ज्याच्या घरासमोर गाव 26 जानेवारीला नारळ घेऊन येतं, तो किराणा किट घ्यायला रांगेत उभा राहत नाही. 'आपल्यापेक्षा गरीब आहेत, त्यांना मिळू दे' म्हणतो आणि परत फिरतो. याला कुणी ताठा म्हणेल, कुणी संस्कार म्हणेल. परिणाम एकच, घरातला डबा रिकामा. म्हणून माजी सैनिकाला मदत पोचवायची तर ती रांगेतून नाही, यादीतून पोचवावी लागते.

काम करायला आठवले, मदतीला नाही

कोरोनात माजी सैनिक सरकारला आठवले नाहीत असं नाही. एप्रिल 2020 मध्ये सैनिक बोर्डांनी देशभर माजी सैनिकांना स्वयंसेवक म्हणून हाक दिली. पंजाबात गावोगावच्या सरकारी योजनांवर देखरेख करणारे सुमारे 4 हजार 200 माजी सैनिक माहिती गोळा करायला लागले. आंध्रात माजी सैनिकांनी अन्नवाटप केलं. शिस्त आहे, गावात शब्दाला वजन आहे, म्हणून हाक दिली आणि लोक धावले.

महाराष्ट्र सरकारनेही सप्टेंबर 2020 मध्ये एक निर्णय घेतला. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिकांच्या घराची घरपट्टी, मालमत्ता कर माफ केला. आधी ही सवलत शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवांपुरती होती, ती सर्व माजी सैनिकांना मिळाली. निर्णय चांगला. पण घरपट्टी वर्षातून एकदा भरायची असते आणि चूल दिवसातून दोनदा पेटते. संकटाच्या वर्षात कर माफ झाला, धान्याचं काही ठरलं नाही.

ही गोष्ट आजची नाही. जून 1918 मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईच्या गोदीतून सुरू झाली. पहिल्या महायुद्धातली माणसं जहाजांनी येत-जात होती, साथ त्यांच्यासोबत आली आणि रेल्वेने गावोगाव गेली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागलं. लढाईवरून परत आलेला शिपाई साथ आणि दुष्काळ दोन्हींत सापडला. 1919 मध्ये इंग्रज सरकारने सोल्जर्स बोर्ड काढला, तोच आज केंद्रीय सैनिक बोर्ड. शंभर वर्षं झाली, बोर्डाकडे शिक्षण, लग्न, हलाखी यांच्या योजना आल्या. साथीच्या काळात घरात धान्य पोचवायची योजना मात्र नाही.

बाहेरच्या देशांतही हा गुंता सुटलेला नाही. सैन्यावर जगात सर्वात जास्त खर्च करणाऱ्या अमेरिकेत गरिबांना सरकारकडून किराण्यासाठी मदत मिळते. काम नसलेल्या धडधाकट माणसाला ती ठराविक महिन्यांपुरतीच. 2023 च्या कायद्याने माजी सैनिकांना या अटीतून सूट मिळाली आणि 2025 च्या कायद्याने ती काढून घेतली. म्हणजे तिथेही माजी सैनिकाचं ताट नियमाच्या एका ओळीवर अवलंबून आहे.

8 हजारांचा नवा पेच

आता पुन्हा सुरुवातीच्या बातमीकडे येऊ. जुनी पेन्युरी ग्रँट महिना 4 हजार, म्हणजे वर्षाला 48 हजार. गावातली रेशनची मर्यादा 44 हजार. नवी ग्रँट महिना 8 हजार, म्हणजे वर्षाला 96 हजार. ही रक्कम गावातली 44 हजारांची आणि शहरातली 59 हजारांची अशा दोन्ही मर्यादांच्या वर जाते.

म्हणजे हलाखीत आहे म्हणून ज्याला एका खात्याने मदत दिली, त्याला तीच मदत उत्पन्न धरून दुसरं खातं फुकट धान्याच्या यादीतून काढू शकतं. अंत्योदय किंवा प्राधान्य कार्डावर आज धान्य फुकट आहे. जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षं ते तसंच राहणार आहे. 2025 मध्ये राज्यात अपात्र कार्डं शोधायची मोहीम झाली, उत्पन्नाचे दाखले मागवले गेले. उद्या तलाठ्याने बँकेचं पासबुक बघितलं आणि दरमहा 8 हजारांची नोंद दिसली तर तो काय लिहील?

यावर उपाय अवघड नाही. पेन्युरी ग्रँट रेशनसाठी उत्पन्नात धरू नये, एवढं एक ओळीचं परिपत्रक अन्न व नागरी पुरवठा विभागाने काढावं. आमदार-खासदारांनी ध्वजदिनाच्या कार्यक्रमात भाषण करण्यापेक्षा हे एक पत्र मंत्रालयात द्यावं. माजी सैनिकांच्या तालुका संघटनांनीही सत्काराच्या शालींपेक्षा या मागणीचा आग्रह धरावा.

यादी तयारच आहे

संकटात मदत द्यायची तर माणसं कुठे आहेत ते माहीत हवं. सरकार म्हणेल, यादी कुठे आहे? यादी आहे. घरपट्टी माफीसाठी माजी सैनिकांनी ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत अर्ज दिलेत, सोबत सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडलाय. म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या कपाटात आपल्या गावच्या माजी सैनिकांची नावं पडून आहेत. सैनिक कार्यालयाकडे वेगळी नोंद आहे. तहसीलच्या पुरवठा शाखेकडे कार्डांची नोंद आहे. तीनही कागद सरकारचेच, फक्त एकमेकांशेजारी कधी ठेवले नाहीत.

ते ठेवले तर कळेल की तालुक्यात पेन्शन नसलेले किती, एकट्या राहणाऱ्या विधवा किती, पांढऱ्या कार्डावर अडकलेले किती. मग साथ येवो, पूर येवो, वादळ येवो, जिल्हाधिकाऱ्यांना त्या घरांना कार्डाचा रंग न बघता दोन-तीन महिने धान्य देता येईल. हे अशक्य नाही. 2020 मध्ये केशरी कार्डवाल्यांना आणि कार्ड नसलेल्या मजुरांना धान्य द्यायचा निर्णय काही आठवड्यांत झालाच की.

कुणी विचारेल, सैनिकालाच वेगळं का? शेतमजूर, कातकरी, घरकामगार उपाशी राहिले त्यांचं काय? रास्त प्रश्न आहे. सैनिकाला दुसऱ्याच्या ताटातलं काढून द्या, असं कुणी म्हणत नाही. जे घर दोन खात्यांच्या मध्ये पडून राहतं त्याला शोधा, एवढंच. असा शोध एकदा माजी सैनिकांसाठी करून बघितला, तर तीच पद्धत निराधार, दिव्यांग आणि एकट्या म्हाताऱ्यांसाठीही वापरता येईल.

पुढचा प्रश्न तर दारात आलाय. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. त्यातल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून भरू लागतील. चौघांतला जास्तीत जास्त एक जण कायम होणार, बाकीचे सेवा निधीची रक्कम घेऊन घरी येणार. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे आजच्या पेन्युरी ग्रँटच्या नियमात ते म्हातारपणीही बसणार नाहीत. ऐन पंचविशीतली धडधाकट पोरं आहेत, कामधंदा करतील. पण अचानक कामं बंद पडली की काय होतं, ते 2020 मध्ये आपण बघितलंय.

घरच्यांनी आज काय करावं

सरकार करील तेव्हा करील. घरात किंवा शेजारी माजी सैनिक अथवा विधवा असेल तर एवढं आजच बघून घ्या.

1. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदलंय का? रायगडचं कार्यालय अलिबागला, नवी मुंबई महापालिका हद्दीत राहणाऱ्यांचं ठाण्यात. डिस्चार्ज बुक सांभाळून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

2. पेन्शन नाही, वय 65 च्या पुढे आणि हुद्दा हवालदारापर्यंत असेल तर पेन्युरी ग्रँटचा अर्ज करा. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वेबसाईटवर होतो आणि त्याला सैनिक कार्यालयाची शिफारस लागते. एजंटला पैसे देऊ नका.

3. पेन्शन असेल तर पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का ते बघा. नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शन याच कागदावर अडते.

4. रेशन कार्डाची ई-केवायसी झाली का? म्हाताऱ्या माणसांचे अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत. त्यासाठी मोबाईलवर चेहरा दाखवून केवायसी करायचं 'मेरा ई-केवायसी' ॲप आहे. नातवाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

5. कार्ड गावचं आणि राहणं नवी मुंबईत असेल तरी जवळच्या रेशन दुकानात धान्य मिळू शकतं. दुकानदार नाही म्हणाला तर पुरवठा कार्यालयात लेखी तक्रार द्या.

6. ग्रामसभेत एक ठराव मांडा : गावातल्या माजी सैनिक आणि विधवांची यादी, त्यांच्या रेशन कार्डाच्या रंगासह, ग्रामपंचायतीत ठेवावी आणि तहसीलदारांना द्यावी.

ध्वजदिनाच्या डब्यात 10 रुपये टाकणं चांगलंच. पण त्याच दिवशी शेजारच्या फौजी काकांच्या घरी जाऊन त्यांचं रेशन कार्ड कुठल्या रंगाचं आहे, एवढं विचारलं तरी पुढच्या लॉकडाऊनची निम्मी तयारी होईल.